कोकणात फोनवर आधार देणारी सेवा सुरू करायची आहे, डॉक्टर नाही: जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही राजापूर-लांजा भागातले आठजण. दोन शिक्षिका, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक आशाताई, बाकीचे दुकानदार आणि बागायतदार. पंचक्रोशीत लागोपाठ आत्महत्या झाल्या, आता गप्प बसवत नाही. फोनवर आधार देणारी सेवा सुरू करावी असं वाटतं, पण आमच्यात डॉक्टर कुणी नाही. अशा सेवा मुळात सुरू कशा झाल्या, वाढल्या कशा, आणि आम्हाला हे झेपेल का?"

झेपेल. डॉक्टर नाही ही अडचण तुम्ही आधी सांगितलीत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ही सेवा जिथे जन्मली तिथेही हाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुणी शोधायला न जाता सापडलं.

१९३५ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन इथे चॅड वाराह या तरुण धर्मोपदेशकाकडे एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी आला. तिला पाळी सुरू झाली होती. आपल्याला काहीतरी वाईट रोग जडलाय असं तिच्या मनाने घेतलं, विचारायला कुणी नव्हतं, आणि तिने जीव दिला. ही गोष्ट वाराह यांच्या मनातून कधी गेली नाही. १९५३ मध्ये ते लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चचे प्रमुख झाले. तेव्हा इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. त्यामुळे मनात असं काही येतंय हे बोलून दाखवायचीही लोकांना भीती वाटे. आग लागली तर ९९९ फिरवता येतो, मग जगणं नकोसं झालेल्याने कुठे फोन करायचा? त्यांनी चर्चचा नंबर जाहीर केला, मॅन्शन हाऊस ९०००, आणि २ नोव्हेंबर १९५३ ला पहिला फोन आला. 'डेली मिरर'ने त्यांना 'टेलिफोन गुड समॅरिटन्स' म्हटलं, आणि 'समॅरिटन्स' हे नाव कायम राहिलं.

पुढचा भाग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. फोन करणारे लोक प्रत्यक्ष भेटायलाही येऊ लागले. वाराह आत एकाशी बोलत असत आणि बाहेर रांग लागे. मदतीला आलेले साधे लोक त्या रांगेतल्यांना चहा करून देत, शेजारी बसत, बोलू देत. हळूहळू असं दिसलं की बाहेर बसलेल्यांपैकी बरेचजण आत न जाताच, मन हलकं करून घरी जातायत. समुपदेशन आत चाललंय असं सगळे समजत होते, आणि बहुतेकांना हवं होतं ते बाहेरच्या बाकावर मिळत होतं. वाराह यांचा मोठेपणा असा की हे त्यांनी ओळखलं आणि मान्य केलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये, म्हणजे सुरुवात झाल्यावर काही महिन्यांतच, फोन घेण्याचं काम त्यांनी स्वयंसेवकांच्या हाती दिलं. स्वतःकडे ठेवलं ते निवड, शिकवणं, आणि ज्यांना खरोखर डॉक्टर लागतो त्यांना पुढे पाठवणं.

माझ्या मते या सेवेची सगळी वाढ त्या एका निर्णयावर उभी आहे. एक तज्ज्ञ दिवसाला किती फोन घेणार? पण नीट निवडलेली आणि शिकवलेली साधी माणसं आळीपाळीने बसली तर फोन रात्रभरही चालू राहतो. १९५९ मध्ये एडिंबरामध्ये शाखा निघाली, मग शाखांमागून शाखा निघत गेल्या. १९६१ मध्ये इंग्लंडने कायदा बदलला, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा राहिला नाही, आणि लोक अधिक मोकळेपणी फोन करू लागले.

अमेरिकेत वाट वेगळी होती. लॉस एंजेलिसला १९५८ मध्ये एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बेरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी आत्महत्या प्रतिबंध केंद्र काढलं. हे तिघे तज्ज्ञ. समोरच्याला किती धोका आहे, त्याच्या मनात नुसता विचार आहे की बेत ठरलाय, हे फोनवरच कसं जोखायचं याची पद्धत त्यांच्याकडून आली. पण दिवसरात्र फोन घ्यायला तज्ज्ञ पुरत नाहीत हे त्यांनाही कळलं, आणि तिथेही प्रशिक्षित सामान्य माणसं फोनवर बसली. १९६३ मध्ये सिडनीत अ‍ॅलन वॉकर यांनी 'लाइफलाइन' सुरू केली. आज ज्याला आपण हेल्पलाइन म्हणतो त्यात या दोन्ही वाटा मिसळल्यात: लंडनकडून सोबत, लॉस एंजेलिसकडून धोका ओळखण्याची शिस्त. तुम्हाला दोन्ही लागतील. नुसती माया असेल तर धोका नजरेतून सुटतो, आणि नुसती प्रश्नावली असेल तर माणूस फोन ठेवून देतो.

भारतात १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी चेन्नईत 'स्नेहा' सुरू केली. ती स्वतः मनोविकारतज्ज्ञाने काढलेली आणि स्वयंसेवकांनी चालवलेली संस्था आहे. नवी मुंबईत १९९८ मध्ये 'आसरा' आली, पुण्यात २००५ पासून 'कनेक्टिंग' आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' २०१२ ची, तिथे फोनवर शिकलेले समुपदेशक असतात. केंद्र सरकारची 'टेलिमानस' १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, नंबर १४४१६, तीही पगारी समुपदेशकांवर चालते.

आपल्याकडे वाढ मंद राहिली याला मी कायद्यालाही जबाबदार धरते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ मुळे प्रयत्न करणारा गुन्हेगार ठरत होता. घरचे दवाखान्यात खोटं कारण सांगत, डॉक्टर पोलिसांच्या लफड्याला भीत, आणि ज्याला आधार हवा तो गप्प राही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, तो २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ३०९ उरलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं कलम २२६ आहे. हे तुमच्या सगळ्यांना तोंडपाठ हवं, कारण "पोलीस येतील का हो?" हा प्रश्न अजूनही फोनवर येतो. गरज किती मोठी आहे म्हणाल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी जीव दिला, त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रात. त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही राज्यात एवढे नव्हते.

आता एक गोष्ट सांगते जी अशा सेवांच्या कौतुकात सहसा येत नाही. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात आत्महत्या कमी होऊ लागल्या. १९६८ च्या एका अभ्यासात समॅरिटन्सच्या शाखा असलेली गावं आणि नसलेली गावं यांची तुलना झाली आणि श्रेय शाखांना मिळालं. पुढे १९७८ मध्ये तोच प्रश्न जास्त काटेकोरपणे तपासला, तेव्हा तसा फरक दिसला नाही. त्याच काळात तिथल्या घरगुती गॅसमधला विषारी भाग काढून टाकला गेला होता, आणि घटीचं मोठं कारण ते निघालं. यावरून फोन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. त्या रात्री फोनवर असलेल्या माणसाला आकडेवारीशी देणंघेणं नसतं. पण घातक वस्तू हाताशी नसणं आणि कुणीतरी ऐकायला असणं ही दोन्ही कामं बरोबर चालली पाहिजेत. आपल्याकडे आंब्याच्या आणि भाताच्या फवारणीची औषधं पडवीत, मांगरात, उघड्या फळीवर पडलेली असतात. तुमच्यातल्या बागायतदारांनी आपापल्या वाडीत ती कुलपात ठेवायचा आग्रह धरला, तर सेवा सुरू व्हायच्या आधीच तुमचं निम्मं काम सुरू झालं असं मी मानेन.

कोकणाची म्हणून काही अवघड जागा आहेत, त्यांवर जरा सविस्तर लिहिते.

पहिली आणि सगळ्यात मोठी: ओळख. आपली बोलायची रीतच अशी की समोरचा भेटला की गाव कुठलं, वाडी कुठली, आडनाव काय, मग तुम्ही अमक्याचे कोण लागता. दोन मिनिटांत नातं निघतं आणि मग गप्पा रंगतात. फोनवर हेच घातक आहे. नव्या स्वयंसेवकाकडून सवयीने पहिला प्रश्न "तुम्ही कुठले?" असा जातो आणि पलीकडे फोन बंद होतो. मी शिकवते तेव्हा ही एक सवय मोडायलाच बराच वेळ जातो. आणि प्रश्न नुसता सवयीचा नाही. राजापूर तालुक्यातून आलेल्या फोनचा आवाज राजापुरातला निवृत्त पोस्टमास्तर ओळखणारच, आयुष्यभर त्याने त्या घरांना पत्रं वाटली आहेत. म्हणून माझा ठाम सल्ला: एकट्या तालुक्याची सेवा काढू नका. लांबचा एखादा गट शोधा, सावंतवाडीकडचा किंवा रोहा-अलिबागकडचा, एकच नंबर ठेवा आणि तुमच्या भागातले फोन त्यांनी, त्यांच्या भागातले तुम्ही घ्या, अशी सोय करा. हल्ली फोन वळवण्याची यंत्रणा विकत मिळते, फोन करणाऱ्याचा नंबर स्वयंसेवकाला दिसत नाही अशीही व्यवस्था करता येते. गोष्ट आपल्या वाडीत फुटणार नाही याची खात्री पटल्याशिवाय कोकणातला माणूस तोंड उघडणार नाही, आणि तो तसा वागतो हे बरोबरच आहे.

दुसरी: रेंज. घरात ऐकणारे असतात आणि नेटवर्क नसतं, म्हणून बोलायचं तर माणूस सड्यावर नाहीतर शाळेमागच्या चढावर येतो. म्हणजे ज्याची काळजी करायची तो अंधारात, एकटा, घरापासून दूर उभा आहे. सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारायच्या. "आत्ता जिथे आहात तिथे सुरक्षित आहात ना?" आणि "मध्येच फोन तुटला तर मी उलट करू का, की तुम्ही कराल?" नंबर दिसत नसला तरी यंत्रणेतून उलटा फोन लावता येईल अशी तजवीज आधीच करून घ्या, पण त्याने हो म्हटल्याशिवाय लावू नका, दुसऱ्या कुणी उचलला तर त्याचं सगळं उघडं पडतं. आणि फोन तुटला तर पुढचा अर्धा तास त्याच स्वयंसेवकाने लाइन मोकळी ठेवून बसायचं.

तिसरी गोष्ट हंगामाची. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो याचा आपल्याला अभिमान आहे, २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. पण शंभरातली ९९ मुलं पास होतात तिथे राहिलेल्या एकाच्या घरी त्या दुपारी काय होत असेल? मुंबईत नापास झालेलं पोर गर्दीत मिसळून जातं, वाडीत त्याला मिसळायला जागा नसते. निकालाच्या दिवशी आणि नंतरचा आठवडा पाळ्या दुप्पट हव्यात. तसंच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशांच्या हाती पैसा नसतो. गणपतीला भरलेलं घर चाकरमानी परतले की रिकामं होतं, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन तेव्हा येतात. ते फारसं मरणाचं बोलत नाहीत, जेवण जात नाही एवढंच सांगतात. आणि नेमके शिमग्याला, गणपतीला तुमचे स्वयंसेवक आपापल्या घरी पाहुण्यांत अडकलेले असतात, तेव्हा त्या पाळ्या महिनाभर आधी कागदावर लिहून घ्या.

संकटांचंही असंच. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि त्याच दिवशीची महाडजवळच्या तळियेची दरड, अशा वेळी पहिले आठवडे तांदूळ, ताडपत्री, पंचनामे यांत जातात आणि माणसं तग धरतात. मन खचतं ते नंतर, मदतीला आलेले निघून गेल्यावर. तेव्हा तुमचा फोन चालू असायला हवा.

निवडीबद्दल. पदवी बघू नका. सल्ला द्यायची खोड किती आहे ते बघा. गावात ज्याच्याकडे सगळे सल्ल्याला जातात तो माणूस बहुधा फोनवर चालत नाही, त्याला उत्तर द्यायची घाई असते. स्वतःचं दुःख ताजं असलेल्यांनाही लगेच घेऊ नका, पंचक्रोशीत ज्यांच्या घरी घटना घडली त्यांना आधी वेळ द्या. आशाताईंचा तुम्हाला मोठा उपयोग होईल, पण त्यांना कामाचा ताण किती असतो ते त्यांनाच विचारा, आणि फोनची ड्युटी त्यांच्या डोक्यावर वाढवून ठेवू नका.

शिकवणं म्हणजे मुख्यतः रोल-प्ले. एक जवळून दाखवते. प्रसंग बनवलेला आहे, प्रशिक्षणात वापरतो तो. एकजण आंबा बागायतदार होतो: मोहोर अवकाळी पावसात गेला, सोसायटीचं कर्ज थकलंय, मुलगी पुण्यात शिकतेय. तो म्हणतो, "आता बस झालं. माझ्यावाचून कुणाचं काही अडणार नाही."

नवा स्वयंसेवक जवळजवळ दर वेळी म्हणतो, "असं बोलू नये काका. मुलीकडे बघा जरा."

मी तिथे थांबवते आणि बागायतदार झालेल्याला विचारते, काय वाटलं? तो सांगतो, लाज वाटली. मुलीचाच विचार करून तर तो खचलाय. आणि "बोलू नये" म्हटल्यावर बोलायचं कसं?

दुसऱ्या खेपेला स्वयंसेवक जरा थांबतो. मग म्हणतो, "फार दिवसांपासून एकटेच ओढताय हे." पलीकडे शांतता. ती शांतता भरून काढायची नाही, हे शिकायला सगळ्यात कठीण. मग तो सरळ विचारतो, "बस झालं म्हणता, म्हणजे जीव द्यावा असं मनात येतंय का?"

हा प्रश्न विचारायला सगळे कचरतात. विचारल्याने नसलेलं मनात भरेल अशी भीती असते. ती खरी नाही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने धोका वाढत नाही हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट ज्याच्या मनात ते होतं त्याला, कुणीतरी न दचकता विचारलं याने हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं तर पुढचे प्रश्न ठरलेले: आजच का, काही ठरवलंय का, जवळ काही आहे का, घरात आत्ता कोण आहे. जवळ काही असेल तर बोलत असतानाच ते लांब ठेवायला, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायला सांगायचं. धोका अगदी समोर असेल तर ११२ आणि १०८. ही सीमा तुम्ही सुरुवातीलाच ठरवा आणि फोन करणाऱ्याला सांगा: तुमची गोष्ट इथेच राहील, फक्त जीव धोक्यात असेल तर आम्ही मदत बोलावू. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्ततेचं वचन देताच येत नाही.

डॉक्टर तुमच्यात नसला तरी पाठीशी हवा. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग, दोन्हीकडे आधी जाऊन भेटा, पाठवलेला माणूस कुठल्या वारी, कुणाकडे जाईल ते लिहून घ्या. "डॉक्टरांना दाखवा" एवढं म्हटल्याने कुणी जात नाही. "बुधवारी सकाळी या नावाने केसपेपर काढा, एसटी स्टँडवरून इतकं अंतर आहे" म्हटलं तर जातो. संस्था नोंदणी, खातं, खोलीचं भाडं ही कामं तुमच्यातले दुकानदार माझ्यापेक्षा चांगली करतील. खोली मात्र घ्याच, घरून फोन घेऊ नका. घरात ऐकणारे असतात, आणि पाळी संपल्यावर ते बोलणं घरातच राहतं. खोलीत दोघं बसा, आणि उठण्याआधी एकमेकांना सांगून मोकळं व्हा. ज्या गटांत हे मोकळं होणं टळतं ते गट फुटलेले मी पाहिलेत.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे वेळापत्रक. चोवीस तास सेवा असं फलकावर लिहायचा मोह होतो. हिशेब करा: चार तासांची पाळी, आठवड्याच्या ४२ पाळ्या, प्रत्येकीला दोघं म्हणजे ८४ जण, तेही प्रत्येकाने दर आठवड्याला यायचं ठरवलं तर. आजारपण, लग्नकार्य धरलं की १०० च्या वर माणसं लागतात. तुम्ही आठ आहात. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते दहा, दोघं दोघं बसलात तर प्रत्येकाला पंधरवड्याला एक पाळी येते, आणि ती निभते. बाकीच्या वेळी फोन केल्यास १४४१६ ची माहिती ऐकू येईल असं करा. जाहीर केलेल्या वेळी फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही, तर ज्याने सगळा धीर गोळा करून नंबर फिरवला होता तो पुन्हा फिरवणार नाही. कमी वेळ सांगा, पण त्या वेळी दरड कोसळली तरी कुणीतरी हजर असलं पाहिजे.

कधी सुरू करावं? पावसाळ्यात नको, वीज आणि लाइन दोन्ही जातात आणि पहिल्याच महिन्यात नंबर बदनाम होतो. गणपतीनंतर माणसं निवडा, दिवाळी झाली की प्रशिक्षण सुरू करा, शिमग्याच्या आधी लांबच्या गटाबरोबर फोन वळवून बघण्याचा सराव करा. म्हणजे मे महिन्यात निकाल लागेपर्यंत तुमचे हात बसलेले असतील. तोवर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात छापून घ्या आणि कृषी सेवा केंद्रं, एसटी स्टँड, मच्छी सोसायटीचं ऑफिस आणि हायस्कूलच्या मुलींच्या स्वच्छतागृहात, जिथे कुणी बघत नसताना वाचता येईल, तिथे लावा.